दोन जावा आणि तीनशे मेंढरं

मेंढीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळलं, तेही एका मेंढीने माझी नवी ओढणी तोंडात धरून चघळायला घेतल्यावर. मी किंचाळले. ओढणी फाटली मात्र नाही, नुसती ओलीचिंब झाली. "फाटायची न्हाई बाय, वर दातच न्हाईत तिला," असा मेंढीच्या घरच्यांकडून दिलासा मिळाला. आता गंमत अशी, की पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी पंचवीस वर्षं जनावरांचं रक्त तपासते आहे. हजारो मेंढ्या, गाई, म्हशी माझ्या हाताखालून गेल्या, पण सगळ्या बोटाएवढ्या नळीतून. नळीवर नंबर आणि गावाचं नाव, बस्स. अख्खी मेंढी मी एसटीच्या खिडकीतून काय पाहिली असेल तेवढीच.

या जानेवारीत नमुने गोळा करणारा आमचा माणूस रजेवर गेला आणि डॉक्टर पाटोळ्यांनी सहज विचारलं, "ताई, तुम्ही येता का साताऱ्याकडे? पाच-सहा दिवस." डॉक्टर पाटोळे म्हणजे आमचे जनावरांचे डॉक्टर. खटावकडचे, बोलघेवडे, आणि दर दहा किलोमीटरला चहा लागणारे. मी नाही म्हणेन अशी सगळ्यांची खात्री होती, म्हणून मी हो म्हटलं. घरी नवरा म्हणाला, "अगं, तुला गाईची भीती वाटते ना?" वाटते तर! पण पंचवीस वर्षं ज्यांचं रक्त काढायला लावलं, त्यांची एकदा भेट घ्यावी असं मनात आलं होतं, आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

आम्ही कशाच्या मागे होतो ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माणसाला नागीण होते ती ज्या कुळातल्या विषाणूने, त्याच कुळातले विषाणू गाईलाही असतात आणि मेंढीलाही. या कुळाची खोड एकच. एकदा अंगात शिरला की बिऱ्हाड सोडत नाही. मुकाट पडून राहतो आणि जनावर दमलं, दूरचा प्रवास घडला, की पुन्हा डोकं वर काढतो. मेंढीच्या विषाणूचा मेंढीला काडीचा त्रास नाही, पण तोच क्वचित गाई-म्हशीत गेला तर ताप, डोळ्यांवर पांढरा पडदा आणि बहुधा मरण. गाईचा स्वतःचा विषाणू निराळा. त्यात नाक लालभडक होतं, डोळे गळतात, दूध आटतं, गाभण गाय गाभडायची भीती असते, पण बऱ्याच गाई पंधरा दिवसांत सावरतात. हे दोन्ही पाहुणे त्या भागात किती आहेत, ते बघायला आम्ही निघालो. एवढं शास्त्र पुरे.

वाई

पहिलं रक्त वाईला काढायचं होतं. घाटापासून जवळच एका गुरुजींच्या दोन गाई होत्या. आम्ही आठ वाजता हजर. गुरुजींनी आम्हाला बसवलं, पंचांग उघडलं आणि म्हणाले, "आत्ता नको. साडेनऊला अमृत वेळ लागते, तेव्हा काढू."

डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, रक्तच काढायचंय, लग्न लावायचं नाही."

"लग्न चुकलं तर निभावतं हो. गाईची शीर चुकली तर?"

डॉक्टरांनी सुई परत पिशवीत ठेवली. मला तर गुरुजींचं पटलंच. आमच्या पुण्यात सिझेरियनला मुहूर्त काढून घेतात, मग गाईने काय घोडं मारलंय? दीड तास आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. शाळेला निघालेल्या पोरी पायऱ्यांवर उड्या मारत होत्या, एक बाई धुणं आपटता आपटता फोनवर सुनेची तक्रार करत होती आणि गुरुजींच्या घरून पोहे आले. वर ओलं खोबरं, शेजारी लिंबाची फोड. साडेनऊला पहिल्याच टोचणीत शीर सापडली. गुरुजींनी डॉक्टरांकडे नुसतं पाहिलं. मी त्या गाईच्या मानेला पहिल्यांदा हात लावला तेव्हा ती इतकी ऊबदार असेल असं मला वाटलं नव्हतं.

माण

साताऱ्यात कंदी पेढे घेतले, म्हणजे घरासाठी घेतले आणि कोरेगाव येईपर्यंत संपवले. पुढे पुसेगाव गेलं, हिरवं मागे पडत गेलं आणि दहिवडीच्या पुढे मोकळी माळरानं लागली. उन्हाचा रंगच बदलला. मला वाटलं होतं, दुष्काळी भाग म्हणजे उदास असेल. छे! ज्वारी उभी होती, थंडी गुलाबी होती आणि रस्त्याकडेच्या एका रानात म्हाळू नावाच्या गृहस्थाने आमच्यासाठी आगटी पेटवली होती.

हुरडा मी पुण्यात खाल्लाय, तिकीट काढून, सतरंजीवर बसून. म्हाळूच्या रानातला निराळा. शेणीच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून कोवळे दाणे थेट समोरच्याच्या हातात. पुण्यात आपण "घ्या ना, घ्या ना" करतो. इथे विचारतच नाहीत. हात रिकामा दिसला की भरतात. लसणीची चटणी, गूळ, शेंगदाणे, आणि मी मोजणं सोडून दिलं. तेवढ्यात मागून कुणीतरी ओढणी ओढली. सुरुवातीला सांगितली ती मेंढी हीच.

म्हाळूच्या घरी त्या दिवसांत आठ-दहाच मेंढ्या होत्या. तीनशेचा कळप घेऊन त्याचा थोरला भाऊ तुकाआप्पा आणि वहिनी हौसाक्का दिवाळी झाल्यावर कृष्णाकाठी उतरले होते. दरवर्षी उतरतात. तिकडचे शेतकरी त्यांना आमंत्रण देऊन रानात बोलावतात. ऊस तुटून गेला की मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. मेंढरांना चारा मिळतो, रानाला लेंडीखत मिळतं, मेंढक्याला धान्य मिळतं. आमच्या सोसायटीत एका मांजरावरून तीन सभा झाल्या होत्या. इथे तीनशे मेंढ्या घरच्या रानात याव्यात म्हणून माणसं मानाने बोलावतात!

पण यंदा घोडं अडलं होतं. पलूसजवळच्या एका गावात सुभेदार नाना म्हणून निवृत्त फौजी आहेत. त्यांच्या रानात तुकाआप्पांचा कळप बापजाद्यांपासून बसतो. यंदा कळप शेजारच्या रानात येऊन टेकला, आणि चौथ्या दिवशी नानांची आठ महिन्यांची गाभण गाय तापाने पडली. मोबाईलवर कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता, मेंढरांपासून गाईंना जीवघेणा रोग होतो म्हणून. नानांनी डेअरीवर सगळ्या गावादेखत सांगितलं, "तुकाची मेंढरं शिवारात दिसता कामा नयेत." कळप गावाबाहेर गायरानात जाऊन पडला.

म्हाळूने हातातलं कणीस खाली ठेवलं. "म्याडम, ह्या वाटंवर आमची चार पिढ्या पोटं भरली. आता 'त्येंच्या मेंढरात रोग हाय' आसं नाव झालं, की किस्नाकाठी एक मानूस रानात घ्यायचा न्हाई. आनि हितं उनाळ्यात काय चारू त्यास्नी? धोंडं? तुमच्या नळीत जे निघंल ते निघू द्या. पर खरं काय ते त्या नानास्नी तोंडावर सांगा."

मी "सांगेन" म्हटलं. पंचवीस वर्षांत माझ्या कुठल्याही नळीकडून कुणी असं काही मागितलं नव्हतं. डॉक्टर त्यानंतर विट्यापर्यंत चहा मागायला विसरले.

पलूस

पलूसकडे उतरलं की पुन्हा सगळं हिरवं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, द्राक्षाच्या बागा, गुऱ्हाळाचा गोड धूर. सुभेदार नाना फाटकात उभे होते. सत्तरी गाठलेले, मिशा कडक, पाठ ताठ. आम्ही दहा मिनिटं उशिरा आलो म्हणून त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

गोठा बघून मी चाटच पडले. आमची प्रयोगशाळा एवढी स्वच्छ नसते. खुंटीला एक वही टांगलेली, त्यात आजारी गाईचा ताप दिवसातून तीनदा लिहिलेला. गाईचं नाव गवळण. खिलारी, पांढरीशुभ्र, पण नाक लाल झालेलं, डोळ्यांतून पाणी, मान खाली. नाना तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांच्या आवाजातली ऑर्डर एकदम उतरली.

"सा दिस झालं. पयल्या चार दिसात तोंडात काडी घेतली न्हाई. आज जराशी घेती. हिच्या आईला मी फौजेतनं सुटीवर आलो तवा आनली हुती."

पलीकडे, वीस पावलांवर पत्र्याच्या शेडमध्ये दुसरी गाय होती, चांदणी. बारा दिवसांपूर्वी बाजारातून टेम्पोत घालून आणलेली. शेडवर रंगाने लिहिलं होतं, 'प्रवेश निषिद्ध'.

"नवं जनावर म्हंजी क्वारंटाईन," नाना अभिमानाने म्हणाले. "आर्मीत खेचरं आली की आसंच करत हुतो. तिची बादली अलग, दोरी अलग. डिसिप्लिन! म्हंजी ह्या घरातनं रोग यायचा सवालच न्हाई. आला त्यो मेंढरातनं."

डॉक्टरांनी हळूच सांगून बघितलं, की मेंढ्यांच्या त्या रोगाला गाईत उठायला बरेच आठवडे लागतात, चार दिवसांत नाही उठत. नाना म्हणाले, "लेखी द्या." मी गवळणीच्या नाकात कापसाची काडी फिरवली. डॉक्टरांनी दोन्ही गाईंचं रक्त घेतलं. गवळणीने एकदा शिंकून माझ्या चष्म्यावर सगळा प्रसाद दिला आणि त्या घरात मी पहिल्यांदा नानांना हसताना बघितलं.

इंदुकाकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, जेवल्याशिवाय सोडलं नाही. अख्खा मसूर, बाजरीची भाकरी, कांदा. मसुराला अशी चव असते हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरी मसुराची आमटी म्हणजे दुसरं काही नसतं तेव्हा होते. वाढता वाढता काकू माझ्या कानाशी लागल्या. "हौसा भेटंल न्हवं गायरानात? तिला म्हनावं, मी लोनचं घालून ठेवलंय तिच्यासाठी. ह्यांनी बंदी घातलीया, न्हायतर कवाच दिलं असतं." बरणीही तयार होती. ती मी आमच्या पिशवीत घेतली. सरकारी कामात मी केलेली ही पहिली तस्करी.

गायरान

हौसाक्का बोलतात आणि तुकाआप्पा ऐकतात, असा त्या संसाराचा रिवाज दिसला. आप्पा दगडावर बसून लोकर कातत होते. आम्ही का आलो ते डॉक्टरांनी सांगितलं, तर त्यांनी मान हलवली आणि एकेक मेंढी धरून द्यायला सुरुवात केली. तीनशेतल्या प्रत्येकीला ते ओळखत होते. "ही लंगडीची लेक. ही चोरटी. ही लय गुनाची." मी नळ्यांवर नंबर घालत होते, आणि पहिल्यांदाच नंबरांची मला जरा लाज वाटली.

लोणच्याची बरणी हौसाक्कांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. मग म्हणाल्या, "इंदू माझी मैतरीन हाय. सा दिसांत एक डाव तोंड दिसलं न्हाई. मानूस गावाबाहीर राहू शकतं बाय, आमी जलमभर राहिलोय. पर बाहीर काढल्यालं ऱ्हाऊ शकत न्हाई."

काम उरकत आलं आणि घात झाला. कळपात एक एडका होता, बाकदार नाकाचा, नाव पैलवान. नमुन्यांची बर्फपेटी आम्ही खाली ठेवली होती. तिच्या निळ्या झाकणात पैलवानाला काय दिसलं देव जाणे. तो चार पावलं मागे सरला. मी म्हटलं, बघा कसा शहाण्यासारखा बाजूला होतोय. आणि त्याने अशी धडक मारली, की पेटी कोलांटी खाऊन पडली, कडी तुटली आणि बर्फ धुळीत. नळ्या वाचल्या, पण दुपारचं ऊन, पेटी उघडी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ते नमुने खराब झाले असते तर पुन्हा यायला महिना गेला असता, आणि महिनाभरात ती बातमी सगळ्या कृष्णाकाठावर पसरली असती.

हौसाक्कांनी एका क्षणात नवं घोंगडं काढलं. उरलेला बर्फ आणि नळ्या पेटीत, झाकण वर, आणि घोंगडं भोवती आवळून दोन वेढे.

"आक्का, घोंगडं तर ऊब देतं," मी म्हटलं.

"थंडीत ऊब आत ठेवतंय, उनात ऊन बाहीर ठेवतंय. त्येला काय कळतंय बाय, आत मानूस हाय का बरफ?"

पंचवीस वर्षं मी तापमान राखण्याच्या सूचना वाचते आहे. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

कुपवाड

पेटी दुरुस्त करणारा माणूस डॉक्टरांच्या ओळखीचा होता, कुपवाडच्या एमआयडीसीत. आम्ही पोचलो तेव्हा पाळी सुटत होती आणि फाटकांतून दुचाक्यांचा लोंढाच बाहेर पडत होता. आम्ही उलट्या दिशेने. मांडीवर घोंगड्यातलं गाठोडं घेऊन मी बसलेली. एकाने गाडी थांबवून विचारलं, "बाळ लहान हाय का?" डॉक्टर म्हणाले, "आजच काढलंय." तो बिचारा वाट करून द्यायला पुढे धावला.

वर्कशॉपवाल्याने शटर अर्धं ओढलं होतं, ते पुन्हा वर केलं. एडक्याची गोष्ट ऐकून तो इतका हसला, की त्याला बसावं लागलं. मग त्याने स्टीलची जाड पट्टी कापली, वाकवली, भोकं पाडली आणि नवी कडी बसवली. "आता हत्ती आना," म्हणाला. पैसे घेईना. शेवटी म्हणाला, "त्या एडक्याचा फोटू पाठवा, त्योच माजा पगार." त्याच्या बायकोने पुडीत भडंग बांधून दिला, तिखट, लसणाचा, कढीपत्ता कुरकुरीत. बर्फाच्या कारखान्यातून बर्फ भरला. आमच्या कचेरीचा एक शिपाई सांगलीहून पुण्याला परतत होता, त्याच्या ताब्यात पेटी दिली. घोंगडं मात्र मी काढून जवळ ठेवलं, परत करायचं म्हणून.

पुढचा दिवस रिकामा. सांगलीत हिंडले, हळदीच्या गल्लीत नाक पिवळं करून घेतलं, आणि दर तासाला फोन बघितला. डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्हीच तर नेहमी लोकांना थांबायला सांगता." त्यांच्यावर मी विनाकारण खेकसले. निकालाची वाट बघणं कसं असतं ते मला माहीत नव्हतं हो. मी नेहमी पलीकडच्या बाजूला असते.

निकाल

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून माझी सहकारी मेधा बोलली. गवळणीच्या नाकात गाईचाच विषाणू. मेंढीच्या विषाणूचा मागमूस नाही. चांदणीच्या रक्तात त्याच गाईच्या विषाणूच्या जुन्या खुणा, म्हणजे ती पूर्वी कधीतरी आजारातून उठलेली आणि आयुष्यभराची वाहक. टेम्पोच्या प्रवासात तिच्या अंगातला मुक्कामी जागा झाला असणार. मी गाडीतच टाळ्या वाजवल्या.

मग मेधा म्हणाली, "आणि मेंढ्यांपैकी बऱ्याच जणींत त्यांचा स्वतःचा विषाणू आहे. नेहमीसारखाच."

डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली. "ताई, हे नानांना सांगायचं का? नाही सांगितलं तरी खोटं नाही होत. गाईला तो नाहीये."

खरं सांगू? मला नव्हतं सांगायचं. पाच मिनिटं मी मनाशी वकिली केली. पण म्हाळूने मागितलं होतं ते खरं काय तेच मागितलं होतं. आणि आज झाकलं नि उद्या कुठल्या व्हिडिओतून निघालं, तर तुकाआप्पांचं नाव कायमचं गेलं असतं. "सांगायचं," मी म्हटलं.

नाना ताठ उभे राहून ऐकत होते. मेंढ्यांचं वाक्य आलं आणि त्यांनी बोट उचललं. "म्हंजी हाय! मेंढरात रोग हाय!"

माझा पारा चढला. "सुभेदारसाहेब, तुमच्या घरात बंदूक आहे?"

"हाय. लायसन हाय."

"काल गावात कुणाचा पाय मोडला असेल, तर तो तुमच्या बंदुकीने मोडला का?"

डॉक्टर खोकले. इंदुकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी पुढे म्हटलं, "मेंढ्यांत त्यांचा विषाणू आहे, जगभरच्या मेंढ्यांत असतो. म्हणून तो जास्त पसरवणारी कोकरं गोठ्यापासून लांब ठेवायची, बंदुकीला कुलूप लावता तशी. पण तुमच्या गवळणीला पाडलंय ते गाईच्या विषाणूने, आणि तो चांदणीकडून आलाय. नाकाला नाक लागल्याशिवाय तो सहसा जात नाही."

"अशक्य!" नाना गरजले. "वीस पावलं अंतर. बादली अलग. मी सोता पहारा ठेवलाय. नाकाला नाक लागलंच न्हाई!"

"लागलंय की," इंदुकाकू म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. काकूंनी शांतपणे सांगितलं. त्या भागातल्या काही घरांत रीत आहे. नवी गाय दारात आली की तिला ओवाळायचं, आणि घरच्या जुन्या गाईला शेजारी उभं करून दोघींना एकाच घमेल्यात पुरणपोळी नि आंबोण खायला घालायचं. दोघींनी एका घमेल्यात खाल्लं, की त्या जावा-जावा झाल्या. मग शिंगं लावत नाहीत, गुण्यागोविंदाने नांदतात. चांदणी टेम्पोतून उतरली तेव्हा हे सगळं यथासांग झालं होतं. क्वारंटाईन त्यानंतर सुरू झालं.

"आवं, तोंडाला तोंड लावून खाल्लं की दोघींनी," काकू म्हणाल्या. "आनि घमेलं कुनी धरलं हुतं? तुमीच न्हवं? म्हनला, माज्या हातनं खाऊ द्या लक्षुमीला."

 नानांनी शेडवरच्या 'प्रवेश निषिद्ध'कडे एकदा बघितलं. मला हसू येत होतं आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटत होतं. इतकं प्रेमाने केलेलं काम, आणि त्यातच चूक व्हावी! डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, ओवाळा, पोळी चारा, सगळं करा. फक्त घमेली दोन घ्या आणि तीन आठवड्यांनी करा. जावा काय, तीन आठवड्यांनी झाल्या तरी जावाच."

संध्याकाळी डेअरीवर दुधाची रांग लागली होती. नाना रिकाम्या हातांनी आले आणि रांगेसमोर उभे राहिले. "ऐका रं समदी. मी हितं सांगितलं हुतं, तुकाच्या मेंढरांनी माजी गाय पाडली. ती ऑर्डर चुकीची हुती. रोग बाजारातनं आला, माज्या घरात आला, माज्या हातानं आला. घमेलं मी धरलं हुतं."

"कंचं घमेलं?" कुणीतरी विचारलं.

नानांनी सांगितलं, काही न गाळता. आधी हशा पिकला. मग हळूहळू एकेकाचं हसू मावळत गेलं, कारण एक जण म्हणाला, "आमीबी परवाच खाऊ घातलंय की रं." मागून दुसरा म्हणाला, "आमीबी." डॉक्टरांनी ती संधी सोडली नाही. कॅनवर बसून त्यांनी अर्धा तास शिकवणी घेतली. नव्या गाईला किती दिवस लांब ठेवायचं, घमेली किती, कोकरं कुठे बांधायची. मला वाटतं, आमच्या कचेरीच्या सगळ्या भित्तीपत्रकांनी मिळून एवढं काम केलं नसेल.

गवळण पुढे सावरली. गाभडण्याची भीती अजून होती, पण महिन्याने ती सुखरूप व्याली आणि कालवड झाली. ते मला पुण्यात फोनवर कळलं, आणि मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले. पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

मेंढरं रानात बसवायची तर रानाच्या मालकाने स्वतः जाऊन पानसुपारी द्यायची असते. त्याशिवाय मेंढका येत नाही, कितीही निरोप पाठवा. नाना डेअरीवरून थेट गायरानाकडे निघाले. पुढे नाना, मागे इंदुकाकू, त्यांच्यामागे घोंगडं खांद्यावर घेऊन मी. ऊन उतरत होतं. वाटेभर नाना पुटपुटत होते. काय बोलायचं ते पाठ करत असावेत.

हौसाक्का लांबूनच उठल्या आणि काकूंचा हात धरून चुलीकडे घेऊन गेल्या. त्या दोघी एकाच वेळी बोलायला लागल्या आणि मी निघेपर्यंत बोलतच होत्या. तुकाआप्पा दगडावर बसून होते. नाना त्यांच्यासमोर उभे राहिले. पानसुपारी पुढे केली. एवढ्या गावासमोर खणखणीत बोललेला माणूस, पण वाटेत पाठ केलेलं सगळं विसरला.

"तुका," ते म्हणाले आणि थांबले. "गड्या..."

तुकाआप्पांनी वर बघितलं. त्यांचा आवाज मी आतापर्यंत मेंढ्यांची नावं सांगताना तेवढा ऐकला होता.

"नाना," ते म्हणाले, "गवळन चारा खाती का?"

 नानांनी मान हलवली आणि डोळे पुसले, उघडउघड, बाहीने. "खाती," म्हणाले. "आज दोन पेंढ्या खाल्ल्या."

"मग बरं झालं," तुकाआप्पा म्हणाले. त्यांनी पानसुपारी कपाळाला लावून कमरेला खोचली, उठले, आणि दोन बोटं तोंडात घालून लांब शीळ घातली. तीनशे माना वर झाल्या. सगळ्यात पुढे पैलवान, आणि सगळा कळप सुभेदार नानांच्या रानाच्या दिशेने चालायला लागला.